यंत्र आमचे, मुदत कुणाची?

सुट्या भागांपासून घरी संगणक जोडणे हे आता फारसे अवघड काम राहिलेले नाही. खाचा अशा पाडलेल्या असतात की रॅमची पट्टी उलटी बसतच नाही, आणि वायरींची टोके आपापल्या जागीच शिरतात. एक स्क्रू-ड्रायव्हर, थोडी थर्मल पेस्ट आणि स्वच्छ टेबल एवढ्या भांडवलावर आठवी-नववीची मुलेसुद्धा दुपारभरात संगणक उभा करतात. खरा पेच त्यानंतर येतो. पडदा उजळतो, रॅम किती आहे ते दिसते आणि यंत्र थांबते. पुढे काय करायचे ते त्याला सांगणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, अजून घातलेली नसते. कोणती घालायची?

या प्रश्नावर बाजारात दोन तयार उत्तरे मिळतात. ‘सगळे जग विंडोज वापरते, तीच घाला’ हे एक. ‘लिनक्स घाला, फुकट आहे’ हे दुसरे. आमच्या मते दोन्ही उत्तरे आळशी आहेत. का, ते एका प्रत्यक्ष यंत्राच्या आधारे सांगतो.

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा शिक्षकांनी चार विद्यार्थ्यांना घेऊन एकाच्या घरी संगणक जोडला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुन्या यंत्रातले होते. प्रोसेसर इंटेलचा, सहाव्या पिढीतला, आय-५ ६५००. तो २०१५ साली बाजारात आला. त्यात चार गाभे असून वेग ३.२ गिगाहर्ट्झ आहे. रॅम ८ जीबी. एसएमपीएस आणि २५६ जीबीची एसएसडी तेवढी नवी घेतली. प्रश्नपत्रिका, हिशेब, इंटरनेट, भूमितीच्या आकृत्या आणि थोडे प्रोग्रॅमिंग, एवढ्या कामाला हे यंत्र पुरून उरते. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली की दहा वर्षांचे यंत्र कसे हलके पळू लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

भाग घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, “विंडोज टाकून देतो, सर. त्याचे वेगळे पैसे नाहीत.” आपल्याकडे जोडून घेतलेल्या कितीतरी संगणकांवर विंडोज आली ती अशीच, परवान्याशिवाय. परीक्षेत कॉपी करू नका असे सांगणाऱ्या आमच्यासारख्यांची यावर अडचण होते. ती बाजूला ठेवली तरी दुसरी, निव्वळ तांत्रिक अडचण उरते. परवाना चुकवणारे साधन चालते ते संगणकाच्या सर्वाधिकारांनिशी. त्याच्या पोटात आणखी काय आहे ते दुकानदारालाही माहीत नसते. घराला कुलूप बसवणाऱ्याने स्वतःकडे एक किल्ली ठेवावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून रीतसर परवाना घेणार असू तरच विंडोजचा विचार, असे आम्ही आधीच ठरवले.

आणि विचार केलाच पाहिजे, कारण ही कार्यप्रणाली टाकाऊ नाही. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल हा टंक अंगभूत आला. त्या काळात लिनक्सच्या पडद्यावर जोडाक्षर धड उमटवायचे म्हणजे खटपट असे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजच्या विंडोजवर बहुधा चालतो, ही तर मोठीच कारागिरी आहे. आपल्याकडच्या छापखान्यांची मराठी अक्षरजुळणी वर्षानुवर्षे ज्या सॉफ्टवेअरवर झाली, तेही विंडोजवरचेच. ‘विंडोजच्या पोटात डोकावता येत नाही’ हेही अर्धसत्य आहे. टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम किती रॅम खातो ते पाहणे हा वर्गात करण्याजोगा चांगला प्रयोग आहे.

पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले होते. नव्याने जोडलेल्या यंत्रावर वर्षभराची पाहुणी कशाला आणायची?

‘आधार संपला’ म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. बंद होतात त्या दुरुस्त्या. कार्यप्रणालीत कोट्यवधी ओळींची आज्ञावली असते आणि तिच्यात फटी राहतातच. नव्या आवृत्तीतली एखादी फट बुजवली जाते तेव्हा बुजवण्याआधीची आणि नंतरची आज्ञावली शेजारी ठेवून फट कुठे होती ते शोधता येते. तीच फट जुन्या आवृत्तीतही असेल, तर ती तिथे उघडीच राहते आणि आता तिचा पत्ताही ठाऊक झालेला असतो. म्हणून आधार संपलेली कार्यप्रणाली दर महिन्याला थोडी थोडी अधिक धोक्याची होत जाते.

तेव्हा विंडोज ११. ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिच्या जाहीर किमान अटी अशा : १ गिगाहर्ट्झ वेगाचा, निदान दोन गाभ्यांचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. टीपीएमचे काम गुप्त किल्ल्या जपून ठेवण्याचे आणि संगणक सुरू होताना काही फेरफार झाला आहे का याची खूण राखण्याचे. ही अट निरर्थक म्हणता येणार नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवरचा मजकूर वाचता येऊ नये, यासाठी अशा चिपचा खरोखर उपयोग होतो. आमच्या मदरबोर्डवर वेगळी चिप नव्हती, पण प्रोसेसरच्या जोडीने तेच काम करण्याची सोय होती. फर्मवेअरच्या मेनूत शिरून आम्ही ती सुरू केली. टीपीएमची अट पुरी झाली. तपासणीचा प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर उत्तर आले की हा प्रोसेसर चालणार नाही.

नववीतला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, एक गिगाहर्ट्झ पाहिजे, आपल्याकडे तीन आहेत. दोन गाभे पाहिजेत, आपल्याकडे चार आहेत. मग नाही का म्हणतंय?”

त्याच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत नाही, यादीत आहे. मायक्रोसॉफ्टने चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी ठेवली आहे. इंटेलच्या बाबतीत ती, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे अटी पुऱ्या करणारा सहाव्या पिढीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर बाहेर, आणि त्यानंतर आलेला, त्याच्याहून दुबळा पण यादीतला दोन गाभ्यांचा प्रोसेसर आत. परीक्षेला बसण्याची पात्रता पस्तीस टक्के म्हणून जाहीर करावी आणि सत्तर टक्केवाल्याला सांगावे की तुमच्या वर्षाची तुकडी आम्ही घेत नाही, तसे हे झाले.

कंपनीचे म्हणणे काय, हेही पाहिले पाहिजे. कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरणारी आज्ञावली खरी की खोटी हे सतत पडताळण्याची एक सोय विंडोजमध्ये आहे. तिला मदत करणारी रचना इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरवर ते काम सॉफ्टवेअरने करून घ्यावे लागते आणि वेग घटतो. हे कारण आम्हाला पटते. मात्र ते सहाव्या पिढीला लागू पडते. सातव्या पिढीतले बहुतेक प्रोसेसरही यादीबाहेर का, याचा उलगडा त्यातून होत नाही.

दुसरे कारण आकडेवारीचे. गणिताच्या शिक्षकांनी ते जरूर वर्गात न्यावे. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की किमान अटी पुऱ्या न करणाऱ्या यंत्रांवर गाभा कोसळण्याचे प्रकार ५२ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि अटी पुऱ्या करणाऱ्या यंत्रांचा अनुभव ९९.८ टक्के विनाअडथळा होता. ५२ टक्के म्हटल्यावर वाचणारा दचकतो. पण ५२ टक्के कशाचे? दोन्ही आकडे एकाच मोजमापाचे आहेत असे धरले, तर हजारात दोन यंत्रांना त्रास होत होता तिथे सुमारे तीन यंत्रांना झाला. ९९.८ च्या जागी ९९.७. मोजमाप वेगवेगळे असेल तर हा हिशेब करता येणार नाही. पण मग ५२ हा आकडाही मूळ प्रमाण सांगितल्याशिवाय वाचकापुढे ठेवायला नको होता. आठवीच्या शेकडेवारीच्या धड्यात आपण मुलांना हेच बजावतो.

यादी चुकवून विंडोज ११ घालता येते, हे आम्हाला ठाऊक आहे. तशी घालणारे पुष्कळ आहेत. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. जे टाळण्यासाठी विंडोज १० सोडायची, तेच पुन्हा पदरात घ्यायचे! शिवाय परवान्याचे काही हजार रुपये मोजून.

इथपर्यंत आल्यावर आमच्या ध्यानात आले की आम्ही प्रश्नच चुकीचा विचारत होतो. ‘कोणती कार्यप्रणाली चांगली’ या प्रश्नाला अंत नाही. भाग आम्ही निवडले, जोडणी आम्ही केली. मग हे यंत्र निकामी झाले असे कुणी ठरवायचे? घरी जोडलेल्या संगणकाच्या बाबतीत कार्यप्रणालीची कसोटी आधी या प्रश्नावर घ्यायला हवी, चिन्हे किती सुबक आहेत ते नंतर.

लिनक्सचा जन्मच अशा पेचातून झाला. हेलसिंकीचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. ३३ मेगाहर्ट्झ वेग आणि ४ एमबी रॅम. सोबतच्या डॉसवर समाधान नव्हते म्हणून त्याने मिनिक्स मागवली. ती अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली, कार्यप्रणाली आतून कशी असते ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली होती. पाठ्यपुस्तकातच तिची आज्ञावली छापलेली असे. नवनव्या सोयी घाला असा आग्रह लोक धरत, आणि टॅनेनबॉम बहुतेक वेळा नकार देत, कारण एका सत्रात विद्यार्थ्याला समजेल एवढीच ती राहायला हवी होती. शिक्षक म्हणून आम्हाला हा नकार फार आवडतो. पण रोजच्या कामाला ती अपुरी पडे, आणि फेरफार करून वाटण्याची मोकळीकही तेव्हा नव्हती. ऑगस्ट १९९१ मध्ये टोरवाल्ड्सने आपण स्वतःच एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि १९९२ साली ती जीपीएल या परवान्याखाली आणली. कुणीही वाचावी, बदलावी, वाटावी. बदललेली वाटाल तर तिची आज्ञावलीही द्यावी, असा तो परवाना. तेव्हा ‘फुकट’ हा या गोष्टीचा गाभा नाही. परवान्याने मिळणारे अधिकार हा आहे.

लिनक्स जुन्या यंत्रांना कधीच सोडत नाही, असा प्रचार काही उत्साही मंडळी करतात. तो खरा नाही. ज्या ३८६ वर लिनक्स लिहिली गेली, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये तिच्यातून काढून टाकण्यात आला, आणि फेब्रुवारी २०१३ ची ३.८ ही आवृत्ती त्याच्याविना निघाली. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आपल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट संगणकांवर ती नव्याने बसवण्याची सोय ठेवली नाही. जुने सांभाळायला माणसे लागतात, ती दमतात. फरक आहे तो काळाचा आणि कारणाचा. ३८६ निघाला १९८५ साली. त्याचा आधार गेला सत्तावीस वर्षांनी, आणि का गेला याची चर्चा कुणालाही वाचता येईल अशी उघड्यावर झाली. कुणाला हवेच असेल तर जुनी आज्ञावली घेऊन तो आधार पुढे चालवण्याची मोकळीकही आहे.

आता लिनक्सवरची आमची तक्रार. पहिली अडचण निवडीची. लिनक्स हे नुसत्या गाभ्याचे नाव. त्याभोवती प्रोग्रॅम, खिडक्या, टंक रचून तयार केलेली ‘वितरणे’ शेकडो आहेत. नवख्याला ही यादी पाहूनच घाम फुटतो. प्रत्यक्षात त्यांत घराणी मोजकीच. डेबियन १९९३ पासूनचे. त्यावर उबुंटू, उबुंटूवर मिंट. आपल्या सी-डॅकचे बॉसही डेबियनवरच उभे आहे. हे कुळ कळले की यादी आटोक्यात येते. पण ते सांगणारे थोडे, आणि स्वतःचेच वितरण थोर म्हणणारे फार.

आम्ही डेबियन घातले. तीन वर्षे पूर्ण आधार, पुढे आणखी दोन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या, अशी त्याची रीत. बसवायला अर्धा तास लागला. वायफाय लगेच चालू झाले याचे आम्हाला आश्चर्य वाटले, कारण काही वर्षांपूर्वी हेच कार्ड दुसऱ्या यंत्रावर बसवताना आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. यामागे एक गोष्ट आहे. वायफायच्या कार्डाला स्वतःची छोटी आज्ञावली लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. बहुतेक कंपन्या ती उघड करत नाहीत. उघड नसलेले काहीही अधिकृत संचात ठेवायचे नाही, हे डेबियनचे तत्त्व. परिणामी संगणक बसवताना इंटरनेट नाही, आणि फर्मवेअर आणायचे तर इंटरनेट हवे! अखेर २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी रीतसर मतदान करून तत्त्वाला मुरड घातली, आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर संचात आले. कुणी याला तडजोड म्हणेल. आम्हाला हा शहाणपणा वाटतो. मात्र तो यायला इतकी वर्षे लागावीत याचे वाईटही वाटते, कारण तेवढ्या काळात किती जण पहिल्याच संध्याकाळी कंटाळून परत फिरले असतील.

मराठीची परीक्षा आम्ही चार शब्दांनी घेतो : दऱ्या, सुऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हा भेद ज्या संगणकाला दाखवता येत नाही त्याला मराठी येत नाही. डेबियनवर नोटो टंक आणि इनस्क्रिप्ट कळपाट घालून पाहिले. शिफ्ट धरून जे दाबल्यावर ऱ, मग डीवर हलन्त, मग य. चारही शब्द नीट उमटले. विंडोजवरही कळा याच. इनस्क्रिप्ट हे भारतीय मानक असल्याने एकीकडे बसलेले वळण दुसरीकडे जसेच्या तसे उपयोगी पडते. यात डेबियन उत्तीर्ण. पण पडद्यावरच्या सूचना मराठीत घेतल्या तर निम्म्या मराठीत येतात, निम्म्या इंग्रजीत, आणि मराठीतल्या काही अशा की इंग्रजी वाचल्याशिवाय कळू नयेत. हे काम परभाषिक कोण करणार? तिथे आम्ही मराठीवालेच कमी पडलो आहोत.

मुलांचे लक्ष वेगळीकडेच होते. पहिल्याच दिवशी एकाने विचारले, “बाई, आठ जीबी रॅम आहे ना? मग काही उघडलं नसताना मोकळी एवढीच कशी?” लिनक्स रिकामी रॅम वाया जाऊ देत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेले ती तिथेच धरून ठेवते, आणि प्रोग्रॅमला जागा लागली की सोडून देते. मुलांनी एक मोठी फाइल दोनदा उघडून वेळ मोजली, तर दुसऱ्या खेपेला ती कितीतरी लवकर उघडली. मग ‘प्रोक’ नावाच्या फोल्डरमध्ये त्यांना प्रोसेसरची सारी कुंडली सापडली. ही फाइल डिस्कवर नसतेच. आपण वाचायला मागतो त्या क्षणी कार्यप्रणाली ती लिहून देते, हे सांगितल्यावर दोघांचा त्यावर विश्वास बसेना. ते अजून पुरावा शोधत आहेत.

एका घरच्या यंत्रावर जमले म्हणून शाळेत जमेल का? केरळमध्ये २००१ साली सुरू झालेला ‘आयटी अॅट स्कूल’ हा उपक्रम पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर आला आणि तिथल्या सरकारी शाळांच्या प्रयोगशाळा लिनक्सवर चालू लागल्या. २०१७ साली त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली. तिथे पाठ्यपुस्तके त्याच कार्यप्रणालीला धरून लिहिली गेली आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण मिळाले. नुसती सीडी वाटून हे झाले नसते. आपल्याकडे एखाद्या उत्साही शिक्षकाने प्रयोगशाळा लिनक्सवर नेली आणि त्याची बदली झाली, की पुढच्या वर्षी ‘हे चालू कसे करायचे’ म्हणून यंत्रांवर कापड पडते. लिनक्सची शिफारस करताना ही किंमत लपवणे बरोबर नाही.

आमच्या शाळेत दोन यंत्रांवर डेबियन आहे, आणि तिसऱ्यावर विद्यार्थी मिंट घालून तुलना करत आहेत. कार्यालयातल्या लिपिक बाईंच्या संगणकाला मात्र आम्ही हात लावलेला नाही. त्यांच्याकडे पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व टंकात आहेत. डेबियनवर उघडल्या तर त्या रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतात, आणि त्या उघडणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. त्या यंत्रासाठी यादीत बसणारा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि विंडोज ११ चा परवाना असे तिन्ही पैसे देऊन घेतले. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम रोज मधल्या सुट्टीत दोन दोन करून चालू आहे. आतापर्यंत २००९ पर्यंतच्या झाल्या.